बुवांच्या लेकीची पट्टी

माझ्याकडे येणारा माणूस दारात चपला काढता काढता "आत येऊ का?" एवढं विचारतो, आणि तेवढ्यात माझं निम्मं काम झालेलं असतं. हवा निसटते आहे, गळा आवळलेला आहे, की हा चार दिवस कोणावर तरी ओरडतो आहे, हे त्या तीन शब्दांत कळतं. उरलेलं निम्मं काम म्हणजे त्याने घरी काय काय करून ठेवलंय ते काढून घेणं. सुंठ, मिरी, लवंग, ज्येष्ठमध, तुरटीच्या गुळण्या. एका गृहस्थांनी तर चक्क बाम चाटला होता. कुठून सुचतं माणसांना, देव जाणे.

मी वाचा-उपचार करते. नोकरी सरकारी रुग्णालयात झाली, आता घाटकोपरला आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर एका खोलीत बसते. आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी बोबड्या मुलांना 'क' म्हणायला शिकवते. तेही केलं की! पण अलीकडे माझ्याकडे गाणारेच जास्त येतात, आणि गाणाऱ्यांना हल्ली एकच गोष्ट हवी असते. खरखर. गोड, स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेला आवाज कोणालाच नको. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे म्हणे.

मुलुंडचे एक काका होते. बँकेतून निवृत्त, कराओके क्लबात नव्याने दाखल. कार्यक्रमाच्या आधी हे बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा तास बोंब मारायचे. कशाला, तर आवाज घोगरा व्हावा आणि गाण्यात दर्द यावा. मी विचारलं, "काका, लंगडत चालायचा रोल मिळाला तर पाय मोडून घ्याल का?" ते म्हणाले, "पण टाळ्या पडल्या ना!" पडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पुढे आठवडाभर नातवाला गोष्ट सांगता येत नव्हती, तेव्हा ते आले.

दुसरे अंधेरीचे. डबिंग करायचे, म्हणजे परदेशी सिनेमातल्या राक्षसांना, अस्वलांना, मरणाऱ्या सैनिकांना हिंदीतून आवाज द्यायचे. त्यांचा आवाज पार गेला होता. मला वाटलं, राक्षसानेच खाल्ला. पण नाही. स्टुडिओत दिवसभर राक्षस होऊनही त्यांना कधी काही झालं नव्हतं. आवाज गेला तो पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये! "मॅडम, राक्षस मी अगदी हळू करतो. त्याला मोठा माईक करतो. मीटिंगमध्ये माईक नव्हता ना." मी त्यांना म्हटलं, मग सेक्रेटरींशीही राक्षसाच्याच आवाजात बोलत जा.

हसण्यावारी नेऊ नका, सगळं मर्म यात आहे. आपल्या गळ्यात दोन स्वरपट्ट्या असतात, नखाएवढ्या. त्या एकमेकींना टेकून थरथरतात आणि सूर निघतो. त्यांच्या जरा वर आणखी दोन जाडसर घड्या असतात. त्यांना आम्ही खोट्या स्वरपट्ट्या म्हणतो. जड काही उचलताना त्या आपोआप मिटतात. आजोबा सोफ्यावरून उठताना 'हंऽऽ' करतात ना, त्यातली खरखर बहुतेक या वरच्या घड्यांची. आजोबांना त्याने काही इजा होत नाही. गाण्यातली चांगली खरखर इथून यायला हवी. खालचा सूर स्वच्छ, पोटातून दमदार श्वास, आणि वर खरखरीचा हलका हात, पोळीला तूप लावावं तेवढा. लोक काय करतात, तर खालच्या खऱ्या पट्ट्याच एकमेकींवर आपटतात, त्या सुजतात, आणि त्या सुजेच्या आवाजाला म्हणतात दर्द. असला दर्द माझ्या खोलीत येऊन बसतो आणि खाणाखुणांनी बोलतो.

शांताराम बुवा आणि त्यांची लेक मानसी माझ्याकडे आली ती दिवाळी नुकतीच उरकल्यावर. राहायला नाहूरला, मूळ मालवणकडचे. बुवांचे वडील गिरणीत, बुवा स्वतः अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. पण माणसं त्यांना ओळखायची ती डबलबारीमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या भजनी मंडळांचा हा सामना असतो. समोरासमोर दोन मंडळं, दोन बुवा. बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, मागे पखवाज, झांजा आणि कोरस. एकाने गायचं, मग दुसऱ्याने त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं, टोमणे मारायचे, आणि आवाज असा लावायचा की मांडवाच्या शेवटच्या खुर्चीने मान वर केली पाहिजे. शांताराम बुवांच्या आवाजाला जी धार होती म्हणतात, ती ऐकायला लोक विरारहून यायचे.

मी ती कधी ऐकली नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडून नुसती हवा येत होती, अधूनमधून एखादा शब्द. त्या गळ्याने वर्षानुवर्षं जे सोसलं होतं ते सगळं त्या हवेत ऐकू येत होतं. आता मंडळाची बुवा मानसी झाली होती. दिवसा अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळायची, संध्याकाळी तालीम. बापाच्या पेटीवर, बापाच्या पट्टीत, बापासारखा गळा फाडून. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. दोन्ही स्वरपट्ट्यांच्या कडा सुजलेल्या, गाठी धरायला लागलेल्या. माघी गणपतीत नाहूरलाच त्यांच्या मंडळाची बारी ठरली होती. बाईने बुवा म्हणून बसायचं हे मंडळातल्या अर्ध्या लोकांना पटलेलं नव्हतं, आणि ही बारी पडली असती तर पेटी कोणा दुसऱ्याकडे जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

"मॅडम, वाट लागलीये," मानसी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सकाळी उठले की बोलताच येत नाही. पण बारी सोडणार नाही मी. आणि बाबांसारखी धार पण पाहिजे."

बुवा पुढे वाकले. "मॅडम, आवाजाक धार येवक व्हयी तर गळो फाटाकच व्हयो. माझो फाटलो म्हणान माका लोक बुवा म्हणतत."

हे ते कुजबुजत सांगत होते. मला रागही आला आणि कीवही. मी म्हटलं, "बुवा, आता लोक म्हणतात ते ठीक. पण तुम्हाला 'ओ' देता येते का?" जरा जास्तच बोलले. पण माझं तोंड असंच आहे, आणि ते उठून गेले नाहीत.

मी मानसीला सांगितलं, "आधी बोंबलणं बंद. धार शेवटी. मधलं सगळं मी सांगते तसं." पहिले काही आठवडे गाणं नाहीच. ग्लासभर पाण्यात नळी बुडवायची, आणि बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं, खालून वर, वरून खाली. ओठांचा फर्रर्र करायचा. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुजण्यानेही गळा आवळतो. सारखं खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं. ती ऑफिस सुटलं की मेट्रोने घाटकोपरला यायची, बुवा नाहूरहून येऊन आधीच बसलेले असायचे. बुडबुडे बघून पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्या काय चललाहा? गाणा शिकता काय सरबत पिता?"

एकदा तर फजितीच झाली. गळा मोकळा करायला मी आवाज न करता हसायला लावते. खांदे हलवत, तोंड उघडं ठेवून, मंदिरात हसू दाबावं तसं हसायचं. त्याने वरच्या घड्या बाजूला सरतात, आणि त्या मोकळ्या करता आल्या की मगच हव्या तेवढ्या जवळ आणता येतात. मी आणि मानसी समोरासमोर बसून असं हसतोय आणि बुवा पाणी पिऊन आत आले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझ्यावर हसतास?" म्हणाले, आणि छत्री उचलून चालू पडले. थंडीच्या दिवसांत छत्री का आणली होती हा प्रश्न वेगळा. मानसी धावली मागे. गेटपाशी समजूत घालून आणलं. मग त्यांनाही मी हसून दाखवायला लावलं, तर त्यांना खरंच हसू आलं आणि खोकल्याची उबळ आली.

सूज उतरत गेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून 'हळूहळू गाऊ द्या' म्हटलं, तेव्हा आम्ही खरखरीला हात घातला. तोही हळू आवाजात. हे लोकांना पटतच नाही. खरखर शिकायची ती शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात. आधी स्वच्छ सूर. मग त्यावर सोफ्यावरच्या आजोबांचा 'हंऽऽ' जरासा मिसळायचा, लगेच काढून घ्यायचा. टोचलं, जळजळलं, खोकला आला, की थांबायचं, जागा चुकली. आणि प्रत्येक वेळी शेवटी एक परीक्षा. वरचा एक सूर अगदी हळू, बाळ झोपलंय असं समजून, स्वच्छ म्हणून बघायचा. तो आला तर स्वरपट्ट्या शाबूत. तो फाटला किंवा आलाच नाही, तर त्या दिवशी गाणं बंद, मग समोर कोणीही असो.

मानसी हुशार. पंधरवड्यात तिला ती जागा सापडली. पहिल्यांदा नीट लागली तेव्हा तिने डोळे मोठे केले आणि म्हणाली, "अरे! दुखलंच नाही!" मला झकास वाटलं. इतकी वर्षं झाली तरी कोणाला ती जागा पहिल्यांदा सापडते ना, तेव्हा मला आतून नाचावंसं वाटतं.

पण बारीची गाणी सुरू केली आणि गाडी अडली. खालच्या सुरांत सगळं छान. वर गेली की मान ताठ, शिरा टरारून वर, आणि परीक्षेचा हळू सूर गायब. दोनचार दिवस मी डोकं खाजवलं. मग तिला म्हटलं, "जरा पेटीवर पट्टी खाली घेऊन गा." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा म्हटलं, तर बुवांकडे बघायला लागली.

भजनवाल्यांत पट्टी उतरवणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गायचं तो. बुवांची पट्टी म्हणजे मंडळाची पट्टी. मानसी पेटी शिकली ती त्याच पट्टीत, पखवाज लावलेला त्याच पट्टीत, कोरसच्या गळ्यातही तीच. मंडळात कोणी कधी विचारलं नव्हतं की ही पुरुषाच्या गळ्याची पट्टी, या मुलीला ती एक सप्तक वरून घ्यावी लागते, तिथे तिचा जीव जातो. पट्टी उतरली म्हणजे बुवा संपला, एवढंच सगळ्यांना माहीत. माझा वेडेपणा बघा, मी म्हटलं, सूर सरकवता येणारी पेटी आणा, बोटं तशीच राहतील, कोणाला कळणारही नाही.

"पखवाज पण उतरवावा लागणार ना," मानसी म्हणाली. "आणि बाबांना कळणार नाही? मॅडम, शेजारच्या बिल्डिंगमध्ये आरती चालली तर ते पट्टी सांगतात."

बुवा उठून उभे राहिले. "ह्या पट्टीत माझे वडील गायले. मी गायलंय. ती उतरवतलंस तर मी येवचंय नाय. तू आणि तुझी मॅडम काय ता बघा."

मी काहीतरी फाडकन बोलणार होते. मानसीने हाताने थांबवलं. म्हणाली, "बाबा, आजोबांनी त्यांच्या गळ्याला जमेल ती पट्टी घेतली. तुझा गळा त्यांच्यासारखा होता, तुला ती चालली. माझा नाहीये. मला तुझं गाणं पाहिजे, बाबा, तुझ्या जखमा नकोत. तू आता असा बोलतोस ते मला रोज ऐकावं लागतं रे. मला लय भीती वाटते." आणि ती रडायला लागली.

बुवा दाराकडे वळले. छत्री घेतली आणि गेले. त्यानंतर ते माझ्या खोलीवर आलेच नाहीत. मानसी नव्या पट्टीत बोटं बसवत राहिली. मंडळातल्यांची कुरबुर चालली होती, पखवाजवाले मामा तर 'बुवा सांगतील तेव्हाच हात लावीन' म्हणून बसले होते. घरात बाप-लेकीचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं. मला वाटलं, झालं, आता ही ऐन वेळी घाबरून जुन्या पट्टीत बसणार, आणि मी शिकवलेलं सगळं एका संध्याकाळीत धुऊन जाणार.

बारीच्या दिवशी मी नाहूरला गेले. दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून हल्ली या बाऱ्या दुपारीच सुरू होतात. सोसायटीच्या आवारात मांडव, पुढे पोरंटोरं, मागे रिक्षावाले सीटवर बसूनच ऐकायच्या तयारीत. मानसी पेटीशी बसली होती, पांढरीफटक. पखवाजवाले मामा जुनाच पखवाज मांडीवर घेऊन बसलेले. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "कुठली पट्टी?" तिने मान हलवली. तिलाच माहीत नव्हतं.

आणि गेटमधून बुवा आले. काखेत छत्री नव्हती, एक भलामोठा पखवाज होता, कापडात गुंडाळलेला. भांडुपच्या कुठल्याशा मंडळाकडून मागून आणला होता, लेकीच्या नव्या पट्टीत लावून. घामाने डबडबलेले. त्यांनी मामांच्या मांडीवरचा पखवाज उचलून बाजूला ठेवला आणि हा ठेवला. मग मागे जाऊन झांजा घेऊन बसले. मानसीने पेटीवर मान झुकवली ती मिनिटभर वर केली नाही. मग तिने नव्या पट्टीचा सा धरून माईकवर आवाज लावून बघितला, तो मांडवभर ऐकू गेला.

समोरचा बुवा म्हणजे मुरलेला गडी. त्याने दणक्यात सुरुवात केली, आणि मग यांच्या मंडळाकडे बघून माईकवर म्हणाला, "आज पट्टी तळमजल्यावर इलीहा. लिफ्ट बंद आसा काय गो बाय?" मांडव हसून हसून फुटला. माझ्या मागच्या खुर्चीतला एक जण म्हणाला, "बापाचो आवाज नाय ह्येच्यात." आता ही चिडणार आणि फाडणार, मी तिच्या मानेकडे टक लावून बसले.

ती पाणी प्यायली. माईक जरा जवळ ओढला आणि पहिला अभंग स्वच्छ गायली. नुसता स्वच्छ. मांडवात चुळबुळ झाली, कोणी चहाला उठलं. दुसरा तसाच, फक्त जरा भरून. मान मोकळी, खांदे खाली. मग गवळण घेऊन लिफ्टवाल्याला असं काही उत्तर दिलं की तोच टाळी देऊन हसला. चहाला गेलेले परत आले. आणि शेवटी गजर. लय चढत गेली, कोरस उभा राहिला, आणि तिने वरच्या सुरावर 'देवा' अशी हाक मारली. त्या एका शब्दावर ती खरखर आली, काठोकाठ, आणि लगेच गेली. अंगावर सर्रकन काटा आला. शेवटची खुर्ची सोडा, रिक्षावाले उतरून आत आले. पुन्हा एकदा 'देवा'. झांजांचा ठेका चुकला. बुवांचा चुकला होता. त्यांचे हात तसेच हवेत राहिले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मीही रडत होते, लाज कसली.

निकाल असा काही नसतो बारीत. पण समोरचा बुवा उठून आला, पेटीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी पण तूच ये गो." मंडळातले कुरबुरणारे झांजा गुंडाळत होते, त्यांनी ते ऐकलं.

माझी बारी मात्र संपलेली नव्हती. मांडवात सगळेच गातात. आमच्या धंद्यात खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. कित्येक जण रात्री टाळ्या घेऊन गेले आणि सकाळी फोनवर हवा सोडत होते. त्यातले काही पुन्हा पहिल्यासारखे झालेच नाहीत, ते आठवले की अजून झोप उडते. मी तिला सांगून ठेवलं होतं, उठलीस की चहाच्या आधी तो हळू सूर म्हणायचा आणि मला फोन करायचा. सकाळी मी फोन मांडीवर घेऊनच बसले होते.

तो वाजला. पलीकडून आधी सूरच आला. हळू, वर, स्वच्छ. कुठे एक चरा नाही. मग तिचं हसू, आणि मग, "मॅडम, आहे! सगळा आहे!"

"शाबास गं पोरी!" मी इतक्या जोरात ओरडले की आमचे हे आतून आले काय झालं बघायला.

"थांबा मॅडम, बाबांना बोलायचंय."

फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मग अडखळत, हवेतून एकेक शब्द वेचल्यासारखे बुवा बोलले, "मॅडम, माका पण शिकवशात?"

मी फोन कानाला घट्ट लावला. ते म्हणाले, "गाणा नको. गाणा मानसी करता आता. पण घरात हाक मारूक आवाज व्हयो. हिच्या आयशीक बोलवूचा तर मी टाळी वाजवतंय. चाळीस वर्सां संसार झालो, नावान हाक मारूक येणा नाय."

मी म्हटलं, "बुवा, पहिल्यासारखा होईल असं नाही सांगत. पण हाक मारण्याइतका नक्की करू. आधी डॉक्टरांना दाखवून या, आणि मग या माझ्याकडे. वहिनींचं नाव काय?"

ते खाकरायला गेले आणि थांबले. मग त्यांनी प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदा हवेत बुडालेला, पण सूर लागलेला, एक शब्द.

"सुलू."

आणि पलीकडे लांब, स्वयंपाकघरातून असावी, एक बाई म्हणाली, "काय ओ?"